भोपळ्यावरचा पहिला घाव

सडलेला भोपळा मला चार घरं पलीकडून कळतो. कुणाच्या फ्रिजच्या तळाशी विसरलेला दुध्या असो नाहीतर उकिरड्यावर फुटलेलं डांगर असो, तो आंबूस, गुळमट, नाकाच्या मागे जाऊन बसणारा वास आला की माझं जेवण संपतं. घरातले म्हणतात, एवढं काय त्यात. मी ताट बाजूला सारते.

दिवाळी सरली की धुळ्यातल्या आमच्या घरासमोरच्या नर्सरीत टेम्पो येऊ लागतात. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये टरबुजाची कलमं असतात. खाली भोपळ्याचं मूळ, वर टरबुजाचा शेंडा आणि मध्ये एक इवलासा चिमटा. नर्सरीवाला तरुण आहे, हौशी आहे. यंदा त्याने मला मुद्दाम हाक मारून बोलावलं. "काकू, बघा तरी, एकदम नवीन टेक्निक आहे." मी ट्रेवर वाकले आणि मला उमासा आला. त्याला वाटलं, शेणखताचा वास लागला असेल. त्याने लगबगीने पाण्याचा ग्लास आणून दिला. हे सगळं मी तीस वर्षांपूर्वी केलंय, हे काही त्याला सांगितलं नाही. सांगायला लागले असते तर मग पुढचंही सांगावं लागलं असतं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. लग्नानंतर मी जळगावला होते. नशिराबादकडे जाताना हायवेला लागून एक लांबलचक शेड होती, तिच्यात टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा. नाव सांगत नाही, आता ती शेडही नाही. सगळीकडे तेव्हा केळीच्या रोपांचं बोलणं चालू होतं, आमच्या साहेबांच्या डोक्यात मात्र भोपळा होता. नदीच्या वाळूत टरबुजं लावणाऱ्यांच्या वाड्या दरसाल मर रोगाने बसत. आज हिरवागार दिसणारा वेल उद्या दुपारी ओल्या फडक्यासारखा पडलेला. साक्रीकडच्या डोंगरात एका पाड्याजवळ साहेबांना रानभोपळ्याचा एक वेल सापडला होता. मर त्याला शिवत नव्हती. बी धरून पाहिलं तर प्रत्येक रोपाचा गुण निराळा निघे. म्हणून त्या एकाच वेलाचे शेंडे बाटलीत वाढवायचे, त्यांचे तुकडे करायचे, तुकड्यांना फुटवे आले की पुन्हा तुकडे. मुळं धरली की त्या रोपावर टरबुजाचा शेंडा बांधायचा. संक्रांतीच्या आत रोपं गिरणेच्या पात्रात गेली पाहिजेत, नाहीतर वर्ष फुकट. माझी नेमणूक सुपरवायझर म्हणून. बी.एस्सी. बॉटनी, पहिला वर्ग. हाताखाली चार बायका.

ऐकायला किती स्वच्छ वाटतं हे. पांढरे कोट, काचेच्या बाटल्या, हवा गाळून सोडणारी कपाटं, स्पिरिटचे दिवे. प्रत्यक्षात ती जागा किळसवाणी होती. बाटलीत जे खाद्य ओतायचं त्यात साखर, क्षार, शहाळ्याचं पाणी आणि घट्ट होण्यासाठी समुद्रशेवाळाची पूड. झाडाआधी बुरशीच त्यावर तुटून पडायची. बिघडलेली बाटली उघडण्याआधी उकडावी लागे, आणि उकडल्यावर जो वास शेडभर पसरे तो मी कुठल्या शब्दांत सांगू? आंबलेली लापशी, ओला कापूस आणि नासकं अंडं, तिन्ही एकदम. काळी बुरशी, हिरवी बुरशी, आणि सगळ्यात घाण ती गुलाबी. बुरशी नव्हेच ती, शेंबडासारखा नुसता चिकट थर. तो काथ्याच्या बोळ्याने खरवडायचा आणि बादलीत टाकायचा. नखात अडके. घरी जाऊन पोळी लाटताना नखं हुंगण्याची सवय लागली होती मला. अजूनही आहे.

त्या रानभोपळ्याचा रस तर जहर कडू. एकदा नकळत बोट ओठाला लागलं, दोन दिवस चहासुद्धा कडू लागला. दगाआबा हसले होते तेव्हा. दगाआबा म्हणजे आमचे माळी आणि राखणदार. साक्रीकडचेच, साहेबांना तो वेल दाखवणारे तेच. वेलाबरोबर तेही खाली आले आणि शेडमागच्या मांडवावर त्या वेलाची निगराणी करत राहिले.

आता किळस या गोष्टीचा मी बराच विचार केला आहे. करण्यासारखं दुसरं काही नसतं तेव्हा माणूस अशा गोष्टींचा विचार करतो. बुरशीची किळस यायला शिकावं लागत नाही, ती आपोआप येते. माणसाची किळस मात्र आपल्याला शिकवतात. कुणाच्या हातचं पाणी घ्यायचं, कुणाच्या पंगतीला बसायचं, कुणाच्या अंगाला अंग लागलं की आंघोळ करायची. आणि आपण फार पटकन शिकतो. त्या हिवाळ्यात मी दोन्ही प्रकारची किळस एकाच नाकाने हुंगली, आणि कुठली कुठली हे मला वेळेवर ओळखू आलं नाही. चुकीचं बोलले. ओळखू आलं होतं.

माझी त्याआधी दोन गरोदरपणं अर्ध्यातच गेली होती. दिवाळीत मला तिसरा महिना लागला होता. सासूबाई धुळ्याहून आल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "दिवसभर काय करतेस गं तिथे?" मी सहज सांगितलं, "भोपळ्याचे शेंडे कापते." त्यांच्या हातातलं निवडणं थांबलं. आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नाही. घरातल्या पुरुषाने एक घाव घालायचा, मग बाईने त्याची हवी तशी भाजी करावी. भोपळा म्हणजे थोरला मुलगा, असं म्हणतात. का म्हणतात ते कुणी सांगत नाही. मी हसून म्हणाले, "आई, तो भोपळा नसतो हो, नुसता शेंडा असतो. नखाएवढा." त्या म्हणाल्या, "म्हणजे तर तान्हंच झालं की ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटासमोर बसले. बाटली उघडली, चिमट्याने शेंडा बाहेर काढला, काचेवर ठेवला. कोवळा, पोपटी, अंगावर पांढरी लव. ब्लेड हातात होतं. पेशीचं विभाजन कसं होतं यावर परीक्षेत मी सात पानं लिहिली होती. हात खाली येईना.

मी दाराशी जाऊन आबांना हाक मारली. "आबा, जरा आत या. एवढा एक काप द्या."

"मी?" आबा म्हणाले. "मन्हा हात माटीना शेतस, ताई."

"धुऊन या."

त्यांनी हौदावर हात धुतले, धोतराला पुसले आणि आत येऊन त्या स्वच्छ हवेच्या कपाटात डोकं घालून एक काप दिला. गालात तंबाखू होती. मला हायसं वाटलं. इतकं हायसं, की मी दिवसभर गुणगुणत होते.

सिंधूअक्कांनी हे पाहिलं. त्या बायकांत वयाने मोठ्या, माहेर पहूरचं. त्यांना समजायला वेळ लागला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बरं केलं ताई. मले तं पहिल्या दिवसापासून धाकधूक व्हती. आम्हाले बी घाव देऊ द्या आबाले." आठ दिवसांत प्रघातच पडला. आम्ही आठला यायचो, साहेब दहाला. साहेब यायच्या आत आबा टेबलाटेबलावर जाऊन प्रत्येकीच्या पात्याने तिचा पहिला काप द्यायचे. आणि त्यात अक्कांनी आणखी एक भर घातली. पातं एरवी दर कापानंतर स्पिरिटमध्ये बुडवून ज्योतीवर धरायचं असतं. अक्का म्हणाल्या, आबांच्या घावाचं पातं लगेच जाळायचं नाही, घावच जळून जातो. पहिली पाच-सहा रोपं तशीच कापायची. ते पातं जाळलं जातं की नाही हे पाहण्यासाठीच मला पगार होता. मी माझंही पातं तसंच चालवलं.

एकटी कमल हसली. कमल नशिराबादची. नवऱ्याने टाकलेली, आईबरोबर एका खोलीत राहायची. आधी कापूस वेचायला जायची. ते काम हंगामापुरतं, हे बारमाही. दोघींच्या पोटाची तजवीज या एका नोकरीवर होती. आणि नुसत्या पोटाचीच नाही. कोट घातला की ती खांदे मागे घेऊन चालायची. गल्लीतल्या बायका तिला विचारतात, तू दवाखान्यात लागलीस का, हे तिने मला दोनदा सांगितलं होतं. आबा तिच्या टेबलाशी आले तेव्हा तिने हात आडवा धरला.

"मले नको आबा. मह्या घरी भोपळा मीच कापते. दुसरं कोण हाये कापायले?"

"अवं, पण बाईच्या जातीनं..." अक्का म्हणाल्या.

"जे व्हायचं ते झालं वं अक्का. आता भोपळा मह्यं आणखी काय करते?" ती म्हणाली, पातं ज्योतीवर धरलं आणि कापायला लागली. तिचा हात फार सुरेख होता. एका घावात स्वच्छ काप, देठाला धक्का नाही.

मार्गशीर्षात बाटल्या बिघडू लागल्या. आधी दहा, मग रॅकच्या रॅक. शेंड्यांच्या बुडाशी दुधट ढग धरायचा, दोन दिवसांत तो गुलाबी होऊन वर चढायचा, आणि कोवळी पानं त्यात विरघळून जायची. विरघळलेलं ते पान मी कधी विसरणार नाही. रोज सकाळी आम्ही टोपल्या भरभरून नेत होतो उकडायला. शेडमागची ओल सुकेना. माश्या घोंगावत. आधीच मला कोरड्या ओकाऱ्या होत होत्या, त्यात हे. रुमाल नाकाशी धरून मी उभी असायची आणि हिशोब मला स्वच्छ दिसत होता. प्रत्येक बाटलीच्या झाकणावर ती भरणारीच्या नावाचं पहिलं अक्षर काचपेन्सिलने लिहिलेलं असे. 'क' लिहिलेल्या बाटल्या आरशासारख्या नितळ होत्या. बाकी सगळ्यांच्या गेल्या होत्या. आबांच्या न जाळलेल्या पात्याची पहिली पाच-सहा रोपं, आणि त्याच काचेवरून पसरत गेलेली पुढची पन्नास. हे ओळखायला पहिला वर्ग लागत नाही.

साहेब संतापले. पण साहेबांचा संताप सुशिक्षित होता. त्यांनी स्वच्छतेचे नियम काढले. रोज सकाळी बायकांनी रांगेत उभं राहायचं, मी त्यांची नखं, कोपर, केस तपासायचे. तळहात नाकाशी नेऊन हुंगायचे. चार दिवस बाहेर बसलेलीने आत यायचं नाही, ते मी विचारून घ्यायचं. मी विचारत होते. सिंधूअक्कांना, माझ्या आईच्या वयाच्या बाईला, मी रोज सकाळी विचारत होते आणि त्या खाली मान घालून मानेनेच नाही म्हणत होत्या. आठवलं की आजही अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

आमचे कोट सामाईक होते, पाच. एकाच बादलीत धुवायचे आणि धूळ नको म्हणून आतच वाळत घालायचे. ते कधी पुरते वाळत नसत. थंडीच्या सकाळी तो दमट, आंबट कोट अंगात घालताना शहारा यायचा. त्याने मला गजकर्ण झालं होतं. कमरेला, नाडीखाली, रुपयाएवढी लाल कडी. खाज सुटली की मी रॅकच्या आड जाऊन कापडावरूनच रगडायची. सुपरवायझरला कुणी तपासत नाही.

कमलला ते कोपराच्या आत झालं होतं. मला दिसलं होतं, मी आठवडाभर बोलले नव्हते. त्या दिवशी साहेब स्वतः रांगेसमोर आले. त्यांनी तिची बाही पेनाने वर केली. हाताने नव्हे, पेनाने. आणि मग ते पेन टेबलावर ठेवून दिलं, खिशात लावलं नाही.

"ही बाई आत कशी?" त्यांनी मला विचारलं.

कमलने बाही खाली ओढली. "साहेब, ते कोटानं झालं. मह्या बाटल्या पाहा ना. मही एक बाटली नाई बिघडली. ताईले विचारा."

साहेब माझ्याकडे वळले. "खरं आहे?"

गजकर्णाने बाटली बिघडत नाही हे मला माहीत होतं. बाटल्या कशाने बिघडतात हेही माहीत होतं. तोंड उघडलं असतं तर आबांचा घाव बंद झाला असता, आणि तो कुणी सुरू केला हेही निघालं असतं. पोटात चौथा महिना होता. मला फक्त एवढंच दिसत होतं, की उद्या सकाळी तो शेंडा माझ्यासमोर असेल आणि त्याच्यावर पहिलं पातं माझं चालेल.

"झाकणांची सरमिसळ झाली आहे, सर," मी म्हणाले. "कुणाच्या किती ते आता सांगता येणार नाही."

कमल माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नाही. तिला खरंच वाटलं असावं, की आपलंच काही चुकलं. तिने कोट काढला, घडी घातली. घडी कुठे ठेवायची ते तिला कळेना, कारण तिच्या हातची घडी कुणी घेत नव्हतं. शेवटी तिने ती जमिनीवर ठेवली आणि गेली.

इथे थांबले असते तर मी भित्री एवढंच ठरलं असतं. पण मी हुशार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांना सांगितलं, आत यायचं नाही, साहेबांचा हुकूम आहे. त्याऐवजी रोज उजाडताच बाहेरच्या मांडवावरच्या वेलाला विळ्याने एक घाव घाला, तो आम्हां सगळ्यांच्या नावचा. अक्कांना पटलं, मलाही पटलं. पाती पुन्हा ज्योतीवर धरू लागलो. आठवडाभरात नव्या बाटल्या निवळल्या. सगळे म्हणाले, बघा, कमल गेली आणि बाटल्या सुधारल्या. साहेबांनी ते चार लोकांत सांगितलं. मी ते ऐकून घेतलं, मान डोलावली असेनसुद्धा.

आबा एकदा विळा पुसत म्हणाले, "ती पोरनं काय चुकनं, ताई?" मी म्हणाले, "काम आहे आबा, मग बोलू." ते विळा घेऊन मांडवाकडे गेले.

पुढची सगळी वाढ 'क'च्या बाटल्यांतून झाली, दुसऱ्या उरल्याच कुठे होत्या. तिच्या हातच्या रोपांचे तुकडे, त्यांचे तुकडे, त्यांना मुळं. मग कलमं बांधली. एकाची मान कापायची, दुसऱ्याची मान कापायची आणि पट्टीने आवळून दोघांना आठ दिवस दमट अंधारात ठेवायचं. लोक याला किमया म्हणतात, मला ते पाहवत नसे. संक्रांतीआधी रोपं गिरणेच्या वाळूत गेली. चैत्रात साहेबांनी टरबूज फोडून मला पहिली फोड दिली. लालभडक, रवाळ, गोड असावी. तोंडात धरली आणि नदीकडे तोंड करून थुंकून टाकली. डोहाळे म्हणून सगळे कौतुकाने हसले.

कुणी विचारील, नंतर कधी सांगितलं का? नाही. किळस आली की माणूस नाक दाबतो, दार लावतो, जागा धुऊन काढतो. स्वतःची आली तर काय करायचं? मी नोकरी सोडली, बाळंतपणाचं निमित्त चांगलं होतं. गजकर्ण मलमाने महिन्याभरात गेलं.

वैशाखात मुलगा झाला. सुखरूप. सव्वा महिना झाल्यावर एका दुपारी कमल घरी आली. तिला कुणी सांगितलं, घर कसं सापडलं, मी विचारलं नाही. पुन्हा मजुरीला जात होती, उन्हाने काळवंडली होती. हातात कागदात बांधलेलं झबलं-टोपडं, स्वतः शिवलेलं. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मी ये म्हटलं तरी आत येईना. बाळ मांडीवर जागं होतं. तिने लांबूनच त्याच्याशी बोलणं काढलं, ओठांनी आवाज केले, ते हसलं. तिचे हात आपोआप पुढे आले आणि तिने ते मागे घेतले.

"ताई, मोरी कुठी हाये?" ती म्हणाली. "साबन असन तं द्या. हात धुते, मंग घेते त्याले."

आता सांगू, असं माझ्या मनात आलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणाले, "इकडे आहे. वडी खिडकीत आहे बघ."

तिने कोपरापर्यंत हात धुतले. बोटांच्या बेचक्या, नखांची टोकं, मनगट, पुन्हा एकदा साबण. मीच तिला शिकवलं होतं तसे. पुसले नाहीत, ओले हात हवेत वर धरून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आधी पालथे केले, मग उताणे. मग बाही वर करून कोपराचा आतला भाग दाखवला. तिथे आता काही नव्हतं. ती वाट पाहत होती.

मी तिचा हात हातात घेतला, नखं पाहिली. मग मूल दिलं.